पान कोणत्या ओळीत

२९ ऑक्टोबर २०२५, बुधवार

चि. दीपिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी सौ. लिहायला हात गेला होता. थांबलो. तुला मी याआधी कधी पत्र लिहिलेलं नाही. तू घरात होतीस तेव्हाही आपलं बोलणं असं नव्हतंच. आपल्यात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. पाणी हवं असलं तरी मी अतुलला म्हणायचो, तिला सांग. अतुल गेल्यावर मधला माणूसच राहिला नाही. मग तू नर्सच्या नोकरीसाठी जमैकाला गेलीस. तुझ्या सासूने तुझा फोन हातात घेतला नाही म्हणून तूही फोन करणं सोडलंस. यात कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही.

लिहिण्याचं कारण असं की आज सकाळी तुझा काकासासरा कोलू त्याचा मोबाईल घेऊन धावत आला. "दादा, सूनबाई कुठी हाय? दीपिका कुठी राह्यते?" मी म्हणालो जमैका. तो म्हणाला, "मंग हे पाहा." व्हिडिओ होता. समुद्र मातकट झालेला, घरांवरचे टिनाचे पत्रे उडून झाडांना गुंडाळलेले, नारळाच्या झाडांचे शेंडे गेलेले. मी त्या जागेचं नाव विचारलं तर त्याला ते वाचता येईना. मी चष्मा लावून वाचलं. तुझ्या पत्त्यावर जे परगण्याचं नाव आहे तेच होतं, सेंट एलिझाबेथ.

तेव्हापासून तुझा नंबर लावतो आहे. एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते आणि फोन बंद होतो. टीव्हीवर हिंदी बातमीत थोडा वेळ दाखवलं, मग निवडणूक लागली.

इकडे सर्व ठीक. तुझी सासू बरी आहे. आज दुपारपासून इथेही पाऊस सुरू आहे, धान कापून शेताच्या बांधीत पसरलेलं आहे, त्यामुळे नव्या तांदळाचा सण, आपला नवा, या वर्षी जरा उशिरा करू. पावसामुळेच.

सुखरूप असशील. कळव.

पत्रू


३१ ऑक्टोबर

चि. दीपिका,

कालचा दिवस धान उचलण्यात गेला. कापलेल्या धानाच्या कडपा पाण्यात तरंगत होत्या. ओलं धान बांधावर आणून उभं केलं, पण खालून कोंब फुटायला लागले आहेत. कोलू म्हणाला, "दादा, कापनी आपन करून राह्यलो आन पेरनी देव करून राह्यला." एवढ्या नुकसानीत त्याला असं सुचतं.

तुला एक सांगतो. तुझी सासू पावसात बांधीत उभी होती. उचलायचं काम सोडून नुसती उभी. मी हाक मारली तर म्हणाली, "हे तिकडचंच पानी होय."

"कुठलं?"

"पोरीकडचं. तिथलं वादळ इथी आलं."

मी सांगितलं, हे आंध्रच्या किनाऱ्यावरचं वादळ, काकीनाड्याकडून आलेलं. दीपिकाचं वेगळं. ती म्हणाली, "एकाच दिवशी दोन वादळं? तुमालेच बरं मालूम." मला राग आला नाही, खरं तर मलाही टीव्हीवर दोन्ही एकापाठोपाठ दाखवलं तेव्हा घोटाळा झाला होता. पण तिला खरं कळावं म्हणून आश्रमशाळेत गेलो. माझ्या जागी आता कारकून म्हणून मयुरी आहे, तिने कपाटातला पृथ्वीचा गोल काढून दिला. वर धूळ इतकी होती की समुद्र दिसत नव्हता.

घरी आणून सासूला दाखवला. हे आपण, हे काकीनाडा. मग गोल फिरवला, आणखी फिरवला, आणि हे जमैका. जोंधळ्याच्या दाण्याएवढं. तिने त्यावर बोट ठेवलं तर बोटाखाली सगळं बेट झाकलं गेलं. तिने बोट लगेच उचललं, चटका बसावा तसं.

"इतकं लहान हाय तं वाऱ्याले सापडलंच कसं?"

मग म्हणाली, "तुमच्या या चेंडूवर आपलं गाव कुठी हाय?" मी म्हणालो, गाव यात नसतं. "मंग खोटा हाय हा," म्हणून ती चुलीकडे गेली. गोल परत देऊन आलो.

रात्री पाऊस थांबला. तुझा फोन अजून तसाच.

पत्रू


३ नोव्हेंबर

चि. दीपिका,

आज चामोर्शीला पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "बाबा, तिकडे डाक जाईल का विचारावं लागंल. थांबून जा काही दिवस." म्हणून आधीची दोन्ही पत्रं परत आणली. सगळी एकदम टाकीन. पाठवता येत नसताना लिहितो याचं मलाच नवल वाटतं. पण लिहिलं की तू कुठेतरी वाचायला आहेस असं धरून चालता येतं.

पहिल्या पत्रात मी नवा पावसामुळे थांबला असं लिहिलं, ते पूर्ण खरं नव्हतं. हलकं, लवकर येणारं धान पावसाआधीच घरात आलं होतं. नवा करण्यापुरता तांदूळ कांडून ठेवलेला आहे. थांबला आहे तो तुझ्यामुळे.

तू आपल्या घरात दोनच नवे पाहिलेस, म्हणून नीट सांगतो. नव्या तांदळाचा भात शिजला की पानं मांडण्याचा मान घरच्या मोठ्या सुनेचा, म्हणजे तुझ्या सासूचा. चुलीच्या बाजूला एक ओळ, ती जिवंत माणसांची. खांबाच्या बाजूला दुसरी, ती गेलेल्यांची. एका चुलीवर जेवणारा कोणी बाहेरगावी असला तरी त्याचं पान जिवंतांच्या ओळीत मांडतात आणि घरातलं कोणीतरी त्याच्या नावाने खातं. गेल्या वर्षी तुझं पान मांडलं होतं. तुझ्याशी बोलत नसताना मांडलं होतं. ते मी तुला कळवलं नाही, कारण कळवायची आपल्यात रीत नाही, आणि फोनही बंद होता. ते पान कोलूच्या पोरीने, चंदाने खाल्लं.

या वर्षी तुझ्या सासूने पळसाची पानं तोडून आणली, धुतली, आणि हातात घेऊन बसून राहिली. कोलूने विचारलं.

"मांड ना वहिनी, काऊन बसली?"

"एक पान कोन्या ओळीत मांडू ते सांग मंग."

तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं. जिवंताचं पान गेलेल्यांच्या ओळीत पडलं तर तो माणूस टिकत नाही असं आपले म्हातारे सांगत. आणि गेलेल्याचं पान चुलीकडे मांडलं तर त्याला वाट सापडत नाही, घराभोवतीच फिरत राहतो. अतुलचं पान पहिल्यांदा खांबाकडे मांडलं तेव्हा तुझ्या सासूने ते दोनदा मांडून उचललं ते तू पाहिलंस. तू त्या वेळी भांडी घासायला बाहेर गेलीस. तेही मी पाहिलं.

कोलू म्हणाला, "तिचं मांडूच नोको या साली."

"मंग ते कोन होय? हवा?"

पानं सुकली. तिने ती गायीला घातली. नवा झाल्याशिवाय नवीन धान कोणी तोंडात घालायचं नाही, त्यामुळे दोन्ही घरं राशनच्या तांदळावर आहेत. कोलू रोज ऐकवतो, "खाऊन खाऊन पोट सरकारी झालं. आता दाखला घेतल्याशिवाय भूक लागत नाई." चंदा हसते. सासू हसत नाही.

गावात दुसऱ्या सगळ्यांचे नवे झाले. आपल्या घरातून अजून धूर का नाही म्हणून विचारतात. मी सांगतो, पाऊस.

पत्रू


७ नोव्हेंबर

चि. दीपिका,

हे पत्र लिहायला जड जात आहे.

परवा तुझी सासू कोणाला न सांगता फाट्यावर गेली. सिरोंच्याकडून येणारी बस थांबली तेव्हा ड्रायव्हरला जाऊन विचारलं, वादळाकडची काय खबर. मला हे दुपारी चहाच्या टपरीवाल्या डोमाने सांगितलं. ड्रायव्हर तेलंगणाच्या बाजूचा, चांगला माणूस. त्याने काकीनाड्याचं सांगितलं. "सब ठीक है बाई. करंट आ गया, दवाखाना चालू है." हिने विचारलं, नर्स लोकं? तो म्हणाला, "नर्स लोगां भी ठीक, ड्यूटी पर हैं."

ती घरी आली ती अंगण सारवायलाच बसली. मला म्हणाली, "पानं घेऊन या. मोठी पाहून आना, फाटकी नोको." कोलूच्या घरी निरोप गेला. चंदाने चूल पोतेरली. सारवून झाल्यावर सासू अतुलच्या फोटोसमोर उभी राहून काहीतरी बोलत होती, मी उंबऱ्याशी होतो म्हणून ऐकू आलं. "ड्यूटीवर हाय ते. मी सांगितलो होतो तुले."

मला लगेच सांगायला हवं होतं. मी पानं आणायला गेलो. जंगलात मुद्दाम वेळ लावला. पळसाची पानं काय, फाट्याजवळही मिळतात.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत होती आणि गुणगुणत होती. अतुल गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मनात आलं, होऊन जाऊ दे. पान चुलीकडे पडेल, तिला समाधान. तू जिवंत असशील तर बिघडलं काय. पण नसशील तर? मग ती बातमी आल्यावर ही बाई तुला स्वतःच्या हाताने वाट चुकवली असं समजून उरलेलं आयुष्य काढील. अतुलचं एक पान मांडताना तिला मी पाहिलेलं आहे.

सांगितलं. ड्रायव्हर काकीनाड्याचं बोलत होता. दीपिकाकडचं कोणालाच काही माहीत नाही.

तिने सूप खाली ठेवलं. "तुमाले कवा समजलं?"

"दुपारी."

"आन मी सारवून राह्यलो, तुमी पाहून राह्यले."

बस, इतकंच. पानं उचलून तिने छपरात खोचली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण चंदाच्या हाती पाठवते. कोलू म्हणतो, "दादा, आता तूच सांग, तुझं पान कोन्या ओळीत?"

आज सकाळी तिने चंदाला सांगितलं, मला ऐकू येईल अशा बेताने. "तुया मोठ्या बाबाले म्हनाव, शिकलेले हाय तं घरात बसून पत्रं काऊन लिहून राह्यले? ज्याले मालूम त्याले जाऊन विचारा ना." म्हणजे मी लिहितो हे तिला माहीत आहे.

उद्या गडचिरोलीला जातो.

पत्रू


१० नोव्हेंबर

चि. दीपिका,

तू आहेस.

हे आधी लिहून घेतो.

शनिवारी निघालो तेव्हा सासू आधीच फाट्यावर उभी होती, लुगडं बदलून, पिशवीत भाकरी बांधून. माझ्या शेजारी बसली नाही, पुढच्या सीटवर बसली. तुझ्यासोबत नर्सिंगला होती ती रीता, तिचं घर गडचिरोलीत शोधत गेलो. तीन वर्षांपूर्वी तुमच्या लग्नात आली होती म्हणून तोंडओळख. तिने आम्हाला पाहिलं आणि दारातच म्हणाली, "बाबूजी, मी तुमाले फोन लावून राह्यली होती, नंबर जुनाच हाय माझ्याकडं."

त्या बेटावर गेलेल्या इथल्या नर्सांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे म्हणे. त्यावर तुझ्याबरोबरच्या केरळच्या बिजीने आदल्या दिवशी दोन ओळी टाकल्या होत्या. रीताने वाचून दाखवल्या. दीपिका माझ्यासोबत आहे, आम्ही ठीक आहोत, घर गेलं, नेटवर्क टेकडीवर चढल्यावर मिळतं.

सासूने विचारलं, "हे जमैकाचंच होय ना? काकीनाड्याचं नाई?"

रीता गोंधळली. मी म्हणालो, जमैकाचंच. सासूने माझ्याकडे पाहिलं, मग रीताच्या फोनकडे, आणि मग खाली बसली. रीताने पाणी दिलं. ते ती प्यायली नाही, धरून बसली, अर्धं लुगड्यावर सांडलं.

परतीच्या बसमध्ये माझ्याच शेजारी बसली. भाकरी सोडली. आंबाडीची चटणी होती. म्हणाली, "खा. राशनच्या तांदळाची हाय."

आणि काल संध्याकाळी तुझा फोन आला. मी उचलला. तू "मामाजी" म्हणालीस, आणि मला सवयीने वाटलं, अतुलला द्यावा. जवळ कोणी नव्हतं. मीच बोललो. काय बोललो आठवत नाही, पाऊस आणि धानाचं काहीतरी सांगितलं असेन. मग तिने हात पुढे केला.

पुढचं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो, कारण तुला इकडची बाजू दिसली नाही. ती फोन कानाला लावून किती वेळ उभी होती. तू "आत्या, आत्या" म्हणत होतीस ते मला बाहेर ऐकू येत होतं. आवाज जाईल या भीतीने मी जागचा हललो नाही. मग ती म्हणाली, "जेवली का?"

तू रडलीस. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "मी इचारलं जेवली का."

तू सांगितलंस की तू राहतेस त्या व्हर्नाबाईंच्या घराचं फक्त स्वयंपाकघराचं छप्पर राहिलं, सगळे तिथेच झोपता, तिथेच एका चुलीवर शिजवता, मदतीचा तांदूळ येतो. कोलू मागून खुणा करत होता, ये म्हना, परत ये म्हना. तिने तुला विचारलं, येतं का? तू म्हणालीस, वॉर्ड तंबूत आहे, माणसं कमी आहेत, आता नाही येता येणार आत्या.

तुला वाटलं असेल ती यावर रागावली. रागावली नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग विचारलं, "त्या चुलीवर कोन कोन जेवते, नावं सांग."

पत्रू


१६ नोव्हेंबर

चि. दीपिका,

काल आपला नवा झाला.

पावसाने भिजलेलं नव्हतं ते हलकं धान, तेवढाच तांदूळ होता. भात शिजला. आपल्या देवाचा, पेनाचा, वाटा आधी काढून ठेवला. तुझ्या सासूने पळसाची पानं इतकी मागवली की कोलू म्हणाला, "वहिनी, लगन हाय का?"

तिने खांबाकडची ओळ आधी मांडली. माझे आई-बाप, मग अतुल. अतुलचं पान या वेळी तिने एकदाच मांडलं. मग चुलीकडची. मी, ती, कोलू, त्याची बायको, चंदा. मग तुझं. तुझं नाव तिने मोठ्याने घेतलं. तुझ्या पानाजवळ आणखी एक पान मांडलं आणि म्हणाली, "वरनाबाई."

कोलूने माझ्याकडे पाहिलं.

"तिचा भाऊ... डेस्मंड का काय तो. बिजी. ते दोन नातवं. आन तो म्हातारा, ज्याचं घर समुद्रात गेलं, त्याचं नाव पोरीलेही मालूम नाई." नाव नसलेल्या म्हाताऱ्याला तिने भात जरा जास्त वाढला. ओळ दाराबाहेर गेली. कोलूला अंगणात बसावं लागलं.

तो म्हणाला, "वहिनी, हे तं आपल्या चुलीचे नाई ना."

"आपल्या नाई. तिच्या चुलीचे होय."

"मंग तिची चूल तिथी झाली म्हन ना."

"झाली," ती म्हणाली. "म्हनूनच तं मांडलो."

तुझी सासू तुला जाऊ देत होती, आणि तुझ्यासोबत तुझी सगळी माणसं घरात घेत होती, दोन्ही एकाच वेळी. मला वाटत होतं यातलं एकच होऊ शकतं.

मग ती खांबाकडे वळली. अतुलच्या पानासमोर बसून त्याला म्हणाली, "बाबू, हे तुया बायकोचे लोकं होय. काळे हाय, उंच हाय, आपली बोली येत नाई. इकडं तिकडं दिसले तं भेऊ नोको. ओळख ठेव."

त्या लोकांची पानं शेजारच्या पोरांना बोलावून खाऊ घातली. पोरं विचारत होती, आमी कोन? चंदा सांगत होती, तू डेस्मंड, तू बिजी. एक पोरगा रडायला लागला, त्याला म्हातारा व्हायचं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्याचं पान कोलूने खाल्लं आणि म्हणाला, भात जास्त वाढला होता ते बरं झालं.

तुझ्या पानाला चंदाने हात घातला तेव्हा तुझ्या सासूने तिला थांबवलं. पान स्वतःपुढे ओढून घेतलं. आधी स्वतःचं पूर्ण संपवून मग तुझं खाल्लं, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आता डाक घेतात. उद्या सगळी पत्रं एका लिफाफ्यात घालून टाकतो. पोचतील तेव्हा तुझ्याकडे छप्पर झालेलं असो.

एक राहिलं. जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, नवा कसा लागला यंदा? ती हात धूत होती. म्हणाली, "माया पानावरचा चांगला होता. दुसऱ्याचं मले काय इचारता? तिचं पान होतं, तिले इचारा."

म्हणून विचारतो, दीपिका. कसा लागला?

तुझा,
मामाजी